पालुपद सगळ्यांचं: देशोदेशीच्या उपासनेतली नाताळची गाणी

नाताळच्या आदल्या रात्री आमच्या चर्चमध्ये उपासना चालू असताना वीज गेली. गाण्याचं दुसरं कडवं अर्ध्यावर होतं. कीबोर्डवर मी होते. बोटं पट्ट्यांवर आणि आवाज बंद, तशी मी थांबले, आणि माझ्याबरोबर क्वायरमधले, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातले, सात-आठ जणही गप्प झाले. मंडळी मात्र थांबली नाही. तिसऱ्या बाकावरच्या मावशींनी ओळ उचलली, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांनी पालुपद धरलं आणि अंधारातच गाणं सुखरूप शेवटाला गेलं. उपासना संपल्यावर मावशी मला एवढंच म्हणाल्या, "अगं, पेटी थांबली, पण तू कशाला थांबलीस?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आम्ही महिनाभर तालीम केली होती, आणि ऐन वेळी गाणं तरलं ते तालमीला कधीच न आलेल्या लोकांमुळे. कॅरल, म्हणजे नाताळचं हे गाणं, असतं तरी काय हे तेव्हापासून मी नीट बघायला लागले. माझी आता खात्री झाली आहे की हे गाणं मुळात न शिकलेल्या गळ्यांसाठी बांधलेलं असतं. त्याची चाल, त्याचं पालुपद, त्याची अक्षरं मोजण्याची रीत, सगळं त्याच हिशेबाने. देवाच्या घरात गायचं कुणी, आणि ऐकायचं कुणी, या जुन्या प्रश्नाला देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांनी जी वेगवेगळी उत्तरं दिली, ती नाताळात सगळ्यांत स्पष्ट दिसतात.

आधी शब्द. ‘कॅरल’ इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून. ‘कारोल’ म्हणजे हातात हात धरून फेर धरणं आणि फिरता फिरता गाणं. आपल्याकडे हे कळायला भोंडला आठवला की पुरे. मधे पाटावर हत्ती, भोवती फेर, ज्या बाईला कडवी पाठ असतात ती पुढे म्हणते आणि बाकीच्या पालुपदावर येऊन मिळतात. मध्ययुगातली इंग्लिश कॅरल अशीच असे. आधी पालुपद, मग कडवं, पुन्हा पालुपद. कडवी एकाला येत असली तरी चालतं, इतरांनी दोन ओळी लक्षात ठेवायच्या. विषयही ख्रिस्तजन्माचाच असे असं नाही. १४१५ साली इंग्लंडने अ‍ॅजिनकोर्टची लढाई जिंकली, तर त्या विजयावरही कॅरल झाली.

पूर्व युरोपातल्या शब्दांची कूळकथा निराळी. पोलंडमधली ‘कोलेंदा’, रोमानियातली ‘कोलिंदा’, युक्रेनमधली ‘कोल्यादा’, ग्रीसमधली ‘कालांदा’ हे सगळे शब्द ‘महिन्याचा पहिला दिवस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आले आहेत. कॅलेंडरही त्याच घरातलं. ही गाणी दारोदार जाऊन घरधन्याला नव्या वर्षासाठी आशीर्वाद देण्याची होती. पहाटे अंगणात येणारा वासुदेव डोळ्यांपुढे आणा. हळूहळू त्या आशीर्वादांत बेथलेहेम आलं, गव्हाणीतलं बाळ आलं. रोमानिया आणि मोल्दोवामध्ये पुरुषांचे जथे आजही असे दारोदार गातात, आणि २०१३ साली युनेस्कोने या प्रथेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली.

म्हणजे एक गाणं फेरातून आलं, दुसरं उंबरठ्यावरून. चर्चच्या आत कुठलंच जन्मलं नाही. आत तेव्हा लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होती. ती धर्मगुरूंनी आणि शिकलेल्या गायकांनी गायची, लोकांनी ऐकायची. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून बांधलं आणि मिस्सा तिथेच झाली. त्याच्या अनुयायांनी लोकांच्या बोलीतली भक्तिगाणी गावोगाव नेली. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. गोठा समोर आला की माणूस आपल्या भाषेत बोलायला लागतो. बाळ समोर असेल तर त्याला जोजवायला लॅटिन कशाला शिकायला हवं?

लोकांचं गाणं आत आलं आणि मग त्याच्यावर रागावणारेही आले. इंग्लंडमध्ये प्युरिटन पंथाच्या लोकांचं म्हणणं होतं की बायबलमध्ये २५ डिसेंबर कुठेच सांगितलेला नाही, मग हा सण पाळायचा कशाला? १६४७ साली तिथल्या पार्लमेंटने नाताळ पाळण्यावर बंदी घातली. १६६० साली राजेशाही परत आली तेव्हा सणही परतला. स्कॉटलंडमध्ये ही नापसंती इतकी मुरलेली होती की नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. अशा कडक मंडळ्यांमध्ये गायची परवानगी असायची ती बायबलमधल्या स्तोत्रांनाच.

त्यातूनच एक मौज घडली. आयझॅक वॉट्स नावाच्या इंग्लिश पाळकाने १७१९ साली ९८ व्या स्तोत्राचं स्वैर पद्य केलं. त्यात बेथलेहेम नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. राजा येतो आहे, पृथ्वीने आनंद करावा, इतकंच. पुढे अमेरिकेत लोवेल मेसनने १८३० च्या दशकात त्याला आजची चाल दिली आणि ‘जॉय टू द वर्ल्ड’ जगभर नाताळचं गाणं होऊन बसलं. त्या चालीची पहिली ओळ पेटीवर वाजवून बघा: सां नि ध प म ग रे सा. सगळे शुद्ध सूर, तार षड्जापासून मध्य षड्जापर्यंत सरळ अवरोह. संगीताच्या क्लासला पहिल्या आठवड्यात शिकवतात तेच. फक्त लय अशी बेतलेली की सूर पायऱ्या उतरत खाली धावत येतो, जणू स्वर्गातून कुणी निरोप घेऊन उतरतंय. ज्याला सरगम येते त्याला हे गाणं आधीच येतं.

‘सायलेंट नाइट’ची सुरुवातही तशीच साधी: प ध प ग, प ध प ग. पाळण्याला झोका द्यावा तशी लय. पण पुढे फसगत आहे. शेवटून दुसऱ्या ओळीत सूर तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढतो आणि तिथे भल्याभल्यांचा आवाज चिरतो. म्हणून मी ते काळी पाचमध्ये धरते. त्याहून वर नेलं की मागच्या बाकांवर नुसते ओठ हलताना दिसतात. मंडळीचं गाणं वाजवणाऱ्याने पट्टी ठरवताना आपल्या क्वायरमधल्या सर्वांत चांगल्या गळ्याचा विचार करू नये. मागच्या बाकावर स्वेटर घालून बसलेल्या, दिवसभर फराळाचं तळण काढून दमलेल्या बाईचा करावा.

या गाण्याचा जन्म ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फ गावात, २४ डिसेंबर १८१८ रोजी झाला. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, दोन वर्षांपूर्वी लिहिलेले. चाल फ्रान्झ झावर ग्रुबर या शाळामास्तरांची. ते चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत. त्या रात्री दोघांनी गिटारच्या साथीने ते गायलं आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळी गायकवृंदाने पुन्हा म्हटल्या. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती मागाहून जोडलेली आहे. खरी परिस्थिती त्याहून जड होती. नेपोलियनच्या लढाया नुकत्याच संपल्या होत्या, १८१६ साली उन्हाळाच न आल्यामुळे पिकं बुडाली होती, आणि साल्झाख नदीवरून नवी सरहद्द आखल्यामुळे एकाच गावाचे दोन तुकडे दोन राज्यांत गेले होते. अशा गावातल्या लोकांना शांततेचं एक सोपं गाणं मिळालं. झिलरटाल खोऱ्यातल्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव नेलं, रायनर कुटुंबाने तर अमेरिकेपर्यंत. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर समोरासमोरच्या खंदकांतून जर्मन आणि इंग्रज सैनिकांनी ते आपापल्या भाषांत गायलं. शब्द वेगळे असूनही ते एकत्र म्हणता आलं, कारण चाल दोघांच्याही ओळखीची होती.

आता थोडं छंदाचं बोलू. हे समजलं की अर्धी कॅरल समजली. आपला मोठा अभंग घ्या. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. हा साचा ठरलेला असल्यामुळे तुकारामांचा अभंग ज्या चालीत बसतो तिच्यात नामदेवांचाही बसतो. चाल एक, अभंग शेकडो. किंवा अभंग एक आणि चाली गावागणिक. इंग्रजी भक्तिगीतांचंही तसंच आहे. त्यांचा सर्वांत चालता साचा ८-६-८-६ अक्षरांचा. त्यांच्या गीतपुस्तकांमागे छंदांची सूची असते. एकाच छंदातली कुठलीही चाल कुठल्याही गीताला लावा, बसते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा मेंढपाळांच्या एका गीतात मिळतो. नहूम टेट या कवीचं, १७०० साली इंग्लंडच्या अधिकृत स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणीत छापलेलं. रात्री मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांची ही कथा, ‘व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड’. छंद तोच, ८-६-८-६. साहजिकच गावोगावच्या वादकांनी आपापल्या चाली लावल्या. त्या काळी इंग्लंडमधल्या गावच्या चर्चमध्ये मागच्या माळ्यावर व्हायोलिन, क्लॅरिनेट, बासून घेऊन शेतकरी आणि कारागीर बसत आणि मंडळीला गायला लावत. एकोणिसाव्या शतकात नव्या शिस्तीचे पाळक आले. त्यांना हा आवाज राकट वाटला. माळ्यावरचे वादक उतरवले गेले, ऑर्गन आला, चाली छापील झाल्या. शेफील्डच्या आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनी मग आपल्या चाली उचलल्या आणि गावच्या पबमध्ये नेल्या. त्या आजही तिथे आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत रविवारी दुपारी दाटीवाटीने उभे राहून लोक गातात, आणि मेंढपाळांचं ते एकच गीत कितीतरी वेगवेगळ्या चालींवर म्हणतात. देवळातून बाहेर काढलेली उपासना तिथे टिकून राहिली, असं मी म्हणेन.

याच इंग्लंडने दुसऱ्या टोकाचं उत्तरही दिलं. कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावात कॅथीड्रलचं बांधकाम चालू होतं. तोवर एका लाकडी शेडमध्ये उपासना व्हायची. १८८० च्या नाताळच्या आदल्या रात्री बिशप एडवर्ड बेन्सन यांनी तिथे नवी मांडणी केली. बायबलमधले नऊ पाठ वाचायचे आणि मधे मधे कॅरल गायची. वाचणाऱ्यांचा क्रम क्वायरमधल्या लहान मुलापासून चढत चढत बिशपपर्यंत. आदामाच्या चुकीपासून ख्रिस्तजन्मापर्यंतची कथा नऊ पावलांत उलगडते. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान सांगतो आणि मधे मधे पदं येतात, तसंच काहीसं. १९१८ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे डीन एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ही मांडणी तिथल्या चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या चर्चमध्ये, आणली. युद्ध संपून दीड महिनाही झाला नव्हता; ते स्वतः सैन्यात धर्मगुरू होते. सुरुवातीच्या प्रार्थनेत त्यांनी दुसऱ्या तीरावर, अधिक उजेडात आपल्याबरोबर आनंद करणाऱ्यांचीही आठवण घातली. बाकांवर बसलेल्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा आला असेल, हे सांगायला नको. १९२८ पासून ही उपासना रेडिओवर जाते. १९३० चं एक वर्ष सोडलं तर खंड नाही.

तिची सुरुवात जवळून बघण्यासारखी आहे. चॅपल गच्च भरलेलं, पण पूर्ण शांत. एक मुलगा, कसलीही साथ नाही, पहिलं कडवं एकटा गातो. कोण गाणार ते आधी जाहीर केलेलं नसतं. ऐन वेळी संचालक एकाकडे खूण करतात, म्हणजे घाबरायला वेळच नको. दुसऱ्या कडव्याला क्वायर येते. तिसऱ्याला ऑर्गन सुरू होतो आणि सगळे लोक उभे राहून गायला लागतात. एका पोराच्या आवाजातून शेकडो माणसांचा आवाज होतो, आणि हे दोन-तीन मिनिटांत घडतं. तरीही मला प्रामाणिकपणे वाटतं की बाकीच्या उपासनेत लोक मुख्यतः ऐकतात. जगभर अनेक चर्चेसनी हा नमुना उचलला. आमच्याकडेही नऊ पाठांची उपासना होते. पण त्यातले अवघड तुकडे क्वायरने घ्यायचे आणि मंडळीला तीन-चार गाणी द्यायची, असं हळूहळू होत जातं. वीज गेली तेव्हा मी का थांबले, याचं एक कारण इथे आहे.

वेल्समध्ये याच्या अगदी उलट. तिथल्या ‘प्लगाइन’ उपासनेबद्दल वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिले. या शब्दाचा मूळ अर्थ कोंबडा आरवण्याची वेळ. नाताळच्या पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान लोक मेणबत्त्या घेऊन चर्चमध्ये जमत. आता बहुतेक ठिकाणी ती संध्याकाळी होते आणि डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत गावोगाव चालते. माँटगोमेरीशर भागात ही रीत विशेष जिवंत आहे. छोटीशी प्रार्थना होते, पाळक प्लगाइन खुली झाल्याचं सांगतात आणि बाजूला होतात. मग कुणी सूत्रसंचालन करत नाही. कुणाचं नाव पुकारलं जात नाही. बाकांवरून दोघं, तिघं, चौघं उठतात, बहुतेकदा एकाच घरातले, पुढे येतात, छोट्या ट्यूनिंग फोर्कने सूर घेतात आणि साथीशिवाय एक लांबलचक कॅरल गाऊन शांतपणे जागेवर जाऊन बसतात. टाळ्या नाहीत. मग दुसरं घर उठतं. सगळ्यांची एक फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी. नियम इतकाच की त्या रात्री एकदा गायलेली कॅरल पुन्हा गायची नाही, म्हणून प्रत्येक घराकडे साठा हवा. वडिलांच्या हातच्या वह्या मुलांकडे येतात. शेवटी चर्चमधले गाणारे सगळे पुरुष पुढे जमून एक ठरलेली कॅरल गातात आणि मग सगळे मिळून जेवायला जातात. या कॅरल गोठ्यापाशी थांबत नाहीत. क्रूस आणि तारणापर्यंतचा सगळा पल्ला त्यांत असतो. इथे क्वायर म्हणून वेगळी कुणी नाहीच. मंडळी घराघराने उठते आणि तीच क्वायर होते.

मेक्सिकोत गाणं दारातच घडतं. १६ ते २४ डिसेंबर, नऊ रात्री, ‘पोसादा’ होतात. शब्दाचा अर्थ मुक्कामाची जागा. स्पेनहून आलेल्या धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात ही रीत घातली आणि लोकांनी ती चर्चच्या आवारातून आपल्या गल्लीत नेली. एक गट रस्त्यावर उभा राहतो, मरिया आणि योसेफाच्या बाजूने: रात्र झाली आहे, बायको दमली आहे, आसरा द्या. दुसरा गट दाराआड, घरमालकाच्या बाजूने: ही धर्मशाळा नाही, पुढे जा, तुम्ही चोर असाल. आळीपाळीने कडवी चालतात. शेवटी आतल्यांना उमगतं की बाहेर कोण आहे. दार उघडतं, चाल बदलते, सगळे आत जातात, आणि मग पोरांसाठी ‘पिन्यात’, म्हणजे खाऊने भरलेलं टांगलेलं भांडं, फोडतात. हे वाचून मी नाटुकलं म्हणून सोडून दिलं असतं, पण एक गोष्ट मनात रुतून बसली. आत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना नकाराची कडवी स्वतःच्या तोंडाने गावी लागतात. दर वर्षी, भर आवाजात. देवाला दारातून परत पाठवणारे आपणच आहोत, हे प्रवचनात ऐकणं वेगळं आणि सुरात म्हणणं वेगळं.

इथिओपियाचा नाताळ बहुतेक वर्षी ७ जानेवारीला येतो, कारण तिथल्या चर्चचं कॅलेंडर वेगळं. लालिबेला गावात एकाच खडकातून कोरून काढलेली अकरा चर्चेस आहेत, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली. वेरूळचं कैलास पाहिलेल्या मराठी माणसाला त्यांची कल्पना लगेच येईल. वरून खाली खोदत नेलेली, चारही बाजूंना कातळाची भिंत. नाताळच्या सकाळी मरियेच्या चर्चभोवती पांढऱ्या वस्त्रांतले धर्मगुरू दोन ठिकाणी उभे राहतात: काही वर कातळाच्या कडेवर, काही खाली अंगणात. मोठे ढोल, हातात खुळखुळणारी धातूची वाद्यं, लांब काठ्या. वरचे गातात, खालचे उत्तर देतात, सगळे एका लयीत झुलतात, आणि हजारो यात्रेकरू त्यात मिसळतात. गीताचा आशय, सर्वांचा तारणारा जन्मला. वर देवदूत आणि खाली मेंढपाळ, अशी ती रचना. युरोपातल्या चालीची तिथे गरजच नाही. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे.

एक गोष्ट नेहमी गोंधळाची ठरते, ती इथेच सांगते. कॅरल कधीपासून गायच्या? बाजारात त्या नोव्हेंबरातच सुरू होतात. चर्चच्या पंचांगात मात्र नाताळाआधीचे सुमारे चार आठवडे हा आगमनकाळ, वाट पाहण्याचा. कॅथलिक मिस्सेत त्या रविवारी ‘ग्लोरिया’ म्हणजे देवदूतांचं महिमागीत गात नाहीत. नाताळच्या मध्यरात्री ते पहिल्यांदा पुन्हा उठतं, बऱ्याच ठिकाणी घंटा वाजवत, आणि महिनाभर दाबून ठेवलेला आवाज एकदम सुटतो. पोलंडमध्ये ही शिस्त लोक घरीही पाळतात: कोलेंदा २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतात, मध्यरात्रीच्या मिस्सेत दणदणतात आणि रिवाजाने २ फेब्रुवारीपर्यंत चालतात. फिलिपिन्समध्ये वेगळं. तिथे १६ डिसेंबरपासून नऊ पहाटे, शेतावर जायच्या आधी, मिस्सा होते. तिला ‘सिंबांग गाबी’ म्हणतात, आणि तिथे आगमनकाळातही ग्लोरिया गायलं जातं. अंधारात कागदी तारे लटकतात, बाहेर तांदळाचे गरम केक विकायला असतात. आमच्याकडे मात्र २६ तारखेला कॅरल थांबतात. मला ते खटकतं. बाळ जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी पाळणा गायचा बंद!

पाळणा म्हटला की मराठीकडे यावंच लागतं. रामनवमीला, गोकुळाष्टमीला देवाचा पाळणा म्हणणाऱ्या भाषेला ख्रिस्तजन्माचं गाणं परकं वाटण्याचं कारण नव्हतं. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, पण कथा ओवीत फार लवकर आली. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने ओवी छंदात ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते गोव्यातल्याच राचोलला छापलं गेलं. गोव्यातल्या चर्चमधून लोक ते वाचत, गात.

पुढे मिशनरी आले ते आपल्या चाली घेऊन, आणि मराठी शब्द त्या चालींत कोंबले गेले. हे का जुळत नाही ते बघण्यासारखं आहे. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर आघात पडतो आणि चाल त्या आघाताला जपते. मराठीत आघातापेक्षा ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळतं. ‘प ध प ग’ या सुरांत पहिलं अक्षर दोन सुरांवर पसरतं. तिथे ‘शांत’मधला ‘शां’ छान बसतो. पण ‘शुभ’ घातलं की ‘शूऽभ’ होतं आणि कानाला टोचतं. अनुवादकाला अर्थ, यमक, अक्षरसंख्या आणि वर हा काना-मात्रांचा हिशेब असं सगळं एकदम सांभाळावं लागतं. माझ्या लहानपणी आम्ही कितीतरी शब्द असे ताणून म्हणायचो आणि तेच बरोबर वाटायचं.

नारायण वामन टिळकांनी ही गाठ सोडवली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, आणि अभंग, ओवी, पदं, भजनं या आपल्याच साच्यांत शेकडो गीतं लिहिली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते मानत, तर गाण्यात ती वाट दिसणारच. टाळ, मृदंग, पेटी घेऊन ख्रिस्ती कीर्तनं होऊ लागली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आजही दोन्ही कुळं शेजारी नांदतात: विलायती चालींवरची गीतं आणि देशी पदं. कॅथलिकांमध्ये मोठा बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकांच्या भाषेला मोकळीक दिली तेव्हा. वसईत मिस्सा मराठीतून होऊ लागली. तिथल्या सामवेदी आणि वाडवळ गावांत नाताळचे गोठे मांडतात आणि बोलीतली गाणी गातात; भाताच्या खाचराशेजारी, केळीच्या पानांआड ती गव्हाण बघितली की ग्रेच्चो फार लांब वाटत नाही.

या वर्षी आम्ही मेंढपाळांचं गीत बसवतोय. मराठीत अक्षरं मोजून नीट केलेलं, त्यामुळे त्याच छंदाची कुठलीही चाल चालते. क्वायरने छापील चाल उचलली. परवा तालमीनंतर त्या मावशींना मी मुद्दाम थांबवून विचारलं, तुमच्या लहानपणी हे कसं म्हणायचे? त्या जरा लाजल्या. मग आईच्या चालीत एक कडवं म्हणून दाखवलं, ओवीच्या अंगाने जाणारी चाल, मांडीवर हाताने ठेका धरून. मी वहीत सरगम लिहून घेतली. तिसरं कडवं त्या चालीत घ्यायचं ठरलंय. सुरुवात मावशी करतील, बाकीचे पालुपदाला उचलतील, आणि त्या कडव्याला कीबोर्डचं बटण मी बंद ठेवणार आहे.